शक्तींची यादी शेवटी: ग्रीक अधोलोकातला अर्धदेव योद्धा कसा घडवावा

कथेत किंवा मित्रांसोबतच्या रोल-प्ले खेळात ग्रीक अधोलोकाचा राजा हेडीस याच्या घरातला योद्धा आणायचा म्हटलं की बहुतेक जण शक्तींपासून सुरुवात करतात. मृतांची फौज उठवतो, सावलीतून कुठेही पोचतो, भूकंप घडवतो, स्पर्शाने प्राण काढतो, मेलेल्याला परत आणतो. हे सगळं लिहून झालं की खाली एक ओळ येते: "उन्हात थोडा अशक्त होतो." तिसऱ्या प्रकरणापर्यंत या पात्रासमोर कुणी टिकत नाही. मग कथा पुढे नेण्यासाठी त्याला कारण नसताना बेशुद्ध पाडावं लागतं, नाहीतर आणखी मोठा राक्षस आणावा लागतो.

चूक क्रमात आहे. ग्रीक अधोलोकाचा एक मोठा कायदा आहे: आत आलेला बाहेर जात नाही. हेडीस हा या कायद्याचा राखणदार. तो जग जिंकायला निघत नाही, जे त्याच्याकडे आलं ते धरून ठेवतो. त्याच्या राज्यातून आलेल्या योद्ध्याची प्रत्येक शक्ती या कायद्याला धरून असावी आणि प्रत्येक मर्यादा याच कायद्यातून निघावी. म्हणून आधी कायदा, मग जन्म, मग हद्द, आणि शक्ती त्यानंतर.

सोबतीला एक काल्पनिक पात्र घेऊ: थेरॉन. काळ ट्रोजन युद्धाच्या एक पिढी आधीचा, जागा वायव्य ग्रीसमधला एपिरस, जिथे ॲकेरॉन नावाची खरी नदी आजही वाहते. प्रत्येक टप्प्यावर त्याच्याबद्दल एकेक निर्णय घेत जाऊ.

## तयारी: लेखणी उचलण्याआधी

चार गोष्टी वाचून घ्या. होमरच्या 'ओडिसी'चा अकरावा सर्ग, हेसिऑडच्या 'थिऑगनी'तलं टार्टारस (अधोलोकाखालची खोल दरी) आणि स्टिक्स (अधोलोकातली नदी) यांचं वर्णन, पर्सेफोनीची आई डेमीटर हिला उद्देशून असलेलं होमरी स्तोत्र, आणि अपोलोडोरसच्या नावावर असलेल्या संग्रहातली वीर हेराक्लीसची शेवटची कामगिरी, म्हणजे अधोलोकाचा कुत्रा सर्बेरस वर आणणं. सगळं मिळून दोन-तीन संध्याकाळींचं वाचन आहे. त्याआधी इंटरनेटवरची शक्तींची कोष्टकं उघडू नका. त्यांत आजचे खेळ आणि जुन्या कथा एकत्र कालवलेल्या असतात.

दुसरी तयारी डोक्यातली. आपल्या मनात यम आधीच बसलेला असतो. पाश टाकून प्राण नेणारा, चित्रगुप्ताच्या वहीवरून न्याय करणारा. हेडीसवर नकळत हेच कपडे चढतात. ग्रीक कथांत ही कामं वाटून दिलेली आहेत. प्राण न्यायला थॅनाटोस येतो, वाट हर्मीस दाखवतो, नदीपार कॅरॉन नेतो, दारावर सर्बेरस असतो, आणि न्यायाला मिनोस, ऱ्हाडामँथस, ईॲकस बसतात. हेडीस स्वतः क्वचितच वर येतो. आणि त्याचं राज्य म्हणजे नरक नव्हे. पापी, पुण्यवान, शूर, भित्रे, सगळेच तिथे जातात. आपल्या पाताळाशीही त्याची गल्लत नको. पाताळात नाग राहतात, बळी राज्य करतो, तो मृतांचा मुलूख नाही.

तपासा: तुमच्या कथेत एखादा माणूस मेला, तर श्वास थांबल्यापासून पैलतीरापर्यंत कोण काय करतं हे पाच वाक्यांत सांगता येतं का? येत नसेल तर पुढे जाऊ नका. योद्धा यातल्याच एखाद्या दुव्यावर उभा राहणार आहे.

## टप्पा १: जन्म ठरवा

"बाप हेडीस, आई मर्त्य" हे सूत्र इतकं रुळलंय की ते जुनंच असेल असं वाटतं. पण हेडीसचे भाऊ झ्यूस आणि पोसायडन यांची मर्त्य स्त्रियांपासून झालेली मुलं कथाकथांत भेटतात, हेडीसची तशी वीरसंतती प्रसिद्ध जुन्या कथांत सापडत नाही. झाग्रेउस काही ठिकाणी हेडीसचा मुलगा म्हणून येतो, तर ऑर्फिक परंपरेत (गायक ऑर्फियसच्या नावाने चालणाऱ्या पंथात) त्याची कथा झ्यूस आणि पर्सेफोनीशी जोडलेली आहे. मर्त्य आईचा तो कुठेच नाही.

तरी तुम्हाला हेडीसच बाप हवा असेल तर घ्या, पण त्याच्या बायकोचं, पर्सेफोनीचं, काय करणार ते पहिल्याच पानावर ठरवा. हेडीसचा जीव मिंथी नावाच्या अप्सरेवर जडला तेव्हा ती पायदळी तुडवली गेली आणि तिचं पुदिन्याचं रोप झालं. अशा घरात सवतीचं मूल सुखाने वाढत नाही.

दोन पर्याय मला जास्त कसदार वाटतात. पहिला नदीचा. ॲकेरॉन नदीचा मुलगा ॲस्कॅलॅफस यानेच पर्सेफोनीने डाळिंब खाल्ल्याची साक्ष दिली होती, म्हणजे नदीच्या पोटी जन्म हा धागा कथांमध्ये आहेच. दुसरा नेमणुकीचा. वर सांगितलेले तिन्ही न्यायाधीश झ्यूसचे मुलगे. मिनोस आणि ऱ्हाडामँथसची आई मर्त्य, ईॲकसची अप्सरा, पण तिघेही मर्त्यच. अधोलोकातला अधिकार त्यांना मेल्यावर मिळाला, जन्माने नव्हे.

थेरॉन: ॲकेरॉन नदी आणि काठावरची एक मेंढपाळ स्त्री यांचा मुलगा. त्याचं नातं ओलांडण्याशी आहे, काठाशी आहे. हे एकदा ठरलं की पुढचे बरेच निर्णय आपोआप सुटतात.

सावध: अर्धदेव म्हणजे मर्त्य. सार्पेडॉन खुद्द झ्यूसचा मुलगा. ट्रॉयच्या रणात त्याची वेळ आली तेव्हा झ्यूसला त्याला वाचवावंसं वाटलं. झ्यूसची बायको हेरा हिने बजावलं की असं केलंस तर बाकीचे देवही आपापली मुलं वाचवू लागतील. झ्यूसने रक्ताचा पाऊस पाडला, पण मुलाला वाचवलं नाही. तुमच्या योद्ध्याचा बाप झ्यूसपेक्षा मोठा नाही.

## टप्पा २: हद्द आखा

'इलियड'च्या पंधराव्या सर्गात पोसायडन वाटणी सांगतो. चिठ्ठ्या टाकल्या, झ्यूसला आकाश मिळालं, पोसायडनला समुद्र, हेडीसला धूसर अंधार. पृथ्वी आणि ऑलिंपस तिघांत सामाईक. याचा सरळ अर्थ असा की जमिनीवर लढणारा अधोलोकाचा योद्धा स्वतःच्या मुलखात नसतो.

भूकंपाची शक्ती इथेच गळून पडते. जमीन हलवणारा पोसायडन आहे. 'इलियड'च्या विसाव्या सर्गात तो जमीन हादरवतो तेव्हा हेडीस घाबरून सिंहासनावरून उडी मारतो, आपलं छत फाटून आतलं सगळं उघडं पडेल या भीतीने. हेडीसच्या मुलाला भूकंप देणं म्हणजे बापाला ज्याची धास्ती, ते मुलाच्या हातात देणं. मुद्दाम तसं करायचं असेल तर तो कथेचा विषय होतो. सहज म्हणून करू नका.

मग ताकद कुठे वाढते? जिथे खाली जायच्या वाटा आहेत तिथे. ग्रीसच्या दक्षिण टोकाची टेनारमची गुहा, जिथून हेराक्लीस उतरला. एपिरसमधलं ॲकेरॉनचं खोरं. इटलीत कुमीजवळचं अव्हर्नसचं सरोवर. अर्गोसजवळची लेर्ना. अशा वाटांपासूनचं अंतर हे ऊन-सावलीपेक्षा कितीतरी चांगलं माप आहे, कारण ते नकाशावर दिसतं आणि शत्रूलाही वापरता येतं. थेरॉनला हरवायचं असेल तर त्याला नदीपासून लांब ओढून न्यायचं, हे कुणाही हुशार सेनापतीला कळेल.

थेरॉन: ॲकेरॉनच्या पाण्यात उभा असताना पूर्ण ताकद. खोऱ्यात अर्धी. खोऱ्याबाहेर तो चांगला भालाईत आहे, बस्स.

## टप्पा ३: कायदे निवडा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, आणि लोक नेमका हाच गाळतात. ग्रीक कथांनी मर्यादा तयार करून ठेवल्या आहेत, नव्याने शोधायची गरज नाही. खालच्यांपैकी तीन निवडा. सगळे घेतलेत तर योद्ध्याला हलता येणार नाही.

मेलेला परत येत नाही. वैद्य ॲस्क्लेपियसने मृतांना उठवायला सुरुवात केली तेव्हा झ्यूसने त्याच्यावर वज्र टाकलं. जे अपवाद दिसतात ते नीट पाहा, ते उसने असतात. बायको युरिडिसीला न्यायची तर ऑर्फियसने मागे वळून बघायचं नाही. ट्रॉयला मेलेला प्रोटेसिलेउस बायकोला भेटायला वर आला तो फक्त तीन तासांसाठी. पोलिडीउसीसने भावासाठी आपलं अमरत्व वाटून घेतलं, तेव्हा दोघांच्या वाट्याला एक दिवस खाली, एक दिवस वर असं जगणं आलं. सावित्री यमाशी बोलून नवऱ्याला पूर्ण आयुष्यासह परत आणते. त्या वळणाची सवय असलेला मराठी लेखक इथे हमखास चुकतो. ग्रीक अधोलोकात शेवट इतका मोकळा मिळत नाही. नवऱ्याऐवजी मरण पत्करलेली अल्केस्टिस परत आली ती हेराक्लीसने थडग्याशी थॅनाटोसला पकडून कुस्ती केली म्हणून, म्हणजे ती हेडीसच्या ताब्यात पोचण्याआधी. काठ ओलांडण्यापूर्वी आणि नंतर, हा फरक लक्षात ठेवा. त्यातून फार चांगले प्रसंग निघतात.

अंत्यविधी नसेल तर प्रवेश नाही. 'ओडिसी'चा नायक ओडिसियस याला पहिल्यांदा भेटतो तो त्याचा साथीदार एल्पेनोर, कारण त्याचं प्रेत अजून तसंच पडलेलं असतं. मेलेला पॅट्रोक्लस मित्र अकिलीसच्या स्वप्नात येऊन लवकर अग्नी दे म्हणून विनवतो. रणभूमीवर लढणाऱ्या पात्रासाठी हा कायदा सोन्यासारखा आहे. प्रत्येक लढाईनंतर त्याच्यासमोर काम उभं राहतं.

स्टिक्सची शपथ. स्टिक्सची शपथ मोडणारा देव वर्षभर श्वासावाचून निपचित पडतो आणि त्यापुढची नऊ वर्षं देवांच्या सभेतून, मेजवान्यांतून बाहेर राहतो. ही शिक्षा देवांची. मर्त्य अर्ध्याचं काय होईल ते तुम्ही ठरवा, पण ते कमी असता कामा नये.

खाल्लं की बांधला गेला. पर्सेफोनीने डाळिंबाचा दाणा खाल्ला म्हणून वर्षाचा एक तृतीयांश काळ तिला खाली राहावं लागतं.

आप्ताचं रक्त. सख्ख्यांना मारणाऱ्याच्या मागे एरिनिस, म्हणजे सूडाच्या देवता, लागतात. त्या दूर असल्या तरी ऐकतात. भावाला मारणाऱ्या स्वतःच्या मुलाला शाप देताना आल्थीया दोन्ही हातांनी जमीन बडवत हेडीस आणि पर्सेफोनीला हाक मारते, तेव्हा अंधारातून एरिनिस तिचा शाप ऐकते. योद्धा अधोलोकाचा असला म्हणून त्या त्याला सूट देणार नाहीत. उलट त्यांच्या हाताशी तोच आधी सापडेल.

न बोलावता आलेला पाहुणा. पर्सेफोनीला पळवायला गेलेले थीसियस आणि पिरिथूस आसनाला चिकटून बसले. हेराक्लीसने थीसियसला ओढून काढलं. पिरिथूसला हात घातला तशी जमीन हादरली आणि त्याला सोडून द्यावं लागलं.

थेरॉन: पहिला, दुसरा आणि आप्ताच्या रक्ताचा कायदा. हा शेवटचा यासाठी की त्याच्या मामाच्या घराण्याशी वैर होणार आहे.

तपासा: निवडलेला प्रत्येक कायदा मोडण्याचा मोह योद्ध्याला किमान एकदा होईल असा प्रसंग डोळ्यासमोर आहे का? नसेल तर तो कायदा नुसता सजावटीचा आहे, बदला.

## टप्पा ४: आता शक्ती, जास्तीत जास्त तीन

आवडत्या शक्ती आता बाहेर काढा आणि एकेक कायद्याजवळ नेऊन बघा.

मृतांची फौज इथे टिकत नाही. 'ओडिसी'तल्या छाया शरीराविना आहेत. ओडिसियस आईला तीनदा मिठी मारायला जातो आणि तीनदा त्याच्या हातात काही येत नाही. शुद्ध शाबूत आहे ती द्रष्टा टायरेसियस याची, तीही पर्सेफोनीच्या कृपेने. बाकीच्यांना बोलतं करायला रक्त पाजावं लागतं. अशा छाया तलवार धरणार नाहीत. त्या देतात ती माहिती: कुठे मेलो, कुणी मारलं, घरी काय चाललंय. हेरगिरीला याहून चांगलं साधन नाही, आणि कथेला फौजेपेक्षा याचा उपयोग जास्त.

छाया बोलावण्याचा विधी लिहाल तर त्याचा क्रम सांभाळा. हातभर लांब, हातभर रुंद खड्डा. त्यात आधी दूध-मध, मग गोड वारुणी, मग पाणी, वर सातूचं पांढरं पीठ. मग मृतांची प्रार्थना आणि नवस. शेवटी मेंढ्यांचा गळा खड्ड्यावर चिरायचा. त्यानंतर तलवार उपसून खड्ड्याशी बसायचं, म्हणजे नको त्या छाया रक्ताला तोंड लावणार नाहीत. घाईत लोक थेट रक्तावर येतात आणि राखण विसरतात. सगळी भीती त्या राखणीतच आहे.

सावध: तलवार छायेला थोपवते, मारत नाही. हेराक्लीस खाली मेड्युसाच्या छायेवर तलवार उपसतो तेव्हा हर्मीस त्याला सांगतो की ही नुसती पोकळ आकृती आहे.

अदृश्य होणं ही रक्तात उतरलेली शक्ती नसून हेडीसच्या शिरस्त्राणाची आहे. सायक्लॉप्सनी ते त्याला दिलं. ट्रॉयच्या लढाईत ॲरीसला दिसू नये म्हणून अथेनाने ते घातलं, पर्सियसनेही वापरलं. म्हणजे ती वस्तू आहे, मागून घ्यावी लागते, परत करावी लागते, आणि चोरीलाही जाऊ शकते.

अभेद्य शरीर देऊ नका. अकिलीसला स्टिक्समध्ये बुडवल्याची टाचेची गोष्ट उशिराची आहे. 'इलियड'मध्ये त्याच्या हाताला भाला चाटून जातो आणि रक्त येतं.

सावल्यांतून प्रवास जुन्या कथांत नाही. हवाच असेल तर टप्पा २ मधल्या वाटांपुरता ठेवा: एका दारातून आत, दुसऱ्यातून बाहेर, आणि मधलं अंतर चालायचं.

थेरॉनच्या शक्ती: एक, ज्यांचे अंत्यविधी झाले नाहीत त्यांचा आवाज त्याला रक्ताशिवाय ऐकू येतो. दोन, काठावर आलेल्या पण अजून न ओलांडलेल्या जिवाला तो पहाटेपर्यंत थांबवून धरू शकतो. तीन, अधोलोकाच्या प्राण्यांशी तो झुंजू शकतो, पण रिकाम्या हातांनी. हेराक्लीसला सर्बेरस न्यायची परवानगी हेडीसने याच अटीवर दिली होती: शस्त्र वापरायचं नाही.

## टप्पा ५: किंमत लावा

किंमत तिथल्या तिथे भरावी लागली पाहिजे, आणि ती दिसली पाहिजे. "पुढे कधीतरी आयुष्य कमी होतं" अशी किंमत वाचकाला जाणवत नाही.

हेराक्लीसचं उदाहरण घ्या. छायांना रक्त मिळावं म्हणून त्याने हेडीसच्या कळपातली एक गाय कापली. लगेच गुराखी मेनोइटीस कुस्तीला उभा राहिला. हेराक्लीसने त्याच्या बरगड्या मोडल्या आणि पर्सेफोनीने मध्ये पडून त्याला वाचवलं. एक गाय, एक झुंज, यजमानीणबाईंची मर्जी. इतका साधा हिशोब पुरतो.

थेरॉन जिवाला थांबवून धरतो तेव्हा त्याला गुडघाभर पाण्यात उभं राहावं लागतं, दोन्ही हात गुंतलेले. त्या रात्री त्याला लढता येत नाही, दुसऱ्या कुणाला तरी त्याची राखण करावी लागते. आणि ज्यांचे विधी झाले नाहीत त्यांचे आवाज त्याला बंद करता येत नाहीत. मोठ्या लढाईनंतर त्याला झोप नाही.

तपासा: किंमत वाचवण्याची पळवाट शोधा. शत्रूच्या डोक्याने विचार करा. पळवाट सापडली तर ती बुजवा, किंवा कथेत दुसऱ्या कुणालातरी ती सापडू द्या.

## टप्पा ६: शस्त्रं

इथे वेळ घालवू नका. काळ कांस्याचा आहे: भाला, ढाल, आखूड तलवार. अधोलोकातलं खास काळं लोखंड हे आजच्या कादंबऱ्या आणि खेळांतून आलेलं आहे. ते उचललंत की पात्र दुसऱ्याचं दिसू लागतं.

## टप्पा ७: हार आणि मरण आधीच लिहून ठेवा

हेडीस स्वतः जखमी झाला आहे. हेराक्लीसने पायलोसला त्याला बाण मारला, आणि वेदनेने तळमळत तो ऑलिंपसवर पेयॉनकडे उपचाराला गेला. देवाला जर वैद्य लागतो, तर त्याच्या घराण्यातल्या मर्त्य योद्ध्याच्या जखमा चार ओळींत भरून येऊ नयेत.

मेल्यावर त्याचं काय होईल हेही ठरवा, कारण हे पात्र तो मुलूख ओळखतं. 'ओडिसी'त हेराक्लीसची छाया खाली भटकते आणि तो स्वतः देवांत बसतो. अकिलीस म्हणतो की मृतांवर राज्य करण्यापेक्षा गरीब माणसाच्या शेतावर मजुरी परवडली, आणि मुलाचा पराक्रम ऐकल्यावर मात्र लांब ढांगा टाकत आनंदाने निघून जातो. थेरॉनसाठी मी असं ठरवलंय: त्याला नदीचा मुलगा म्हणून सवलत नाही. अंत्यविधी हवा, आणि तो करणारं कुणीतरी मागे उरलेलं हवं.

## चाचणी

पूर्ण कथा लिहिण्याआधी तीन छोटे प्रसंग लिहून बघा. पहिल्यात योद्धा स्वतःच्या हद्दीत आहे आणि तरी हरतो. दुसऱ्यात जवळचं माणूस काठ ओलांडून गेलेलं आहे आणि त्याला काहीच करता येत नाही. तिसऱ्यात तो कायदा मोडतो आणि त्याच रात्री किंमत भरतो. दुसरा प्रसंग लिहिताना एखादी नवी शक्ती आणावीशी वाटली, तर टप्पा ३ मधला पहिला कायदा अजून पक्का बसलेला नाही. तिथे परत जा.

रोल-प्ले खेळात हेच पात्र वापरणार असाल तर तीन कायदे आणि तीन किमती एका कागदावर लिहून सगळ्यांना दिसतील अशा ठेवा, खेळ चालवणाऱ्याच्या वहीत लपवू नका. फासे टाकण्याआधी खेळाडूने किंमत मोठ्याने सांगायची. फासे पडल्यावर किंमत ठरवायला बसलात की वाद होतो, आणि दर वेळी किंमतच कमी होते.